सोळा चित्रांची म्हैस

पडद्यावरून म्हैस तिसऱ्यांदा चालत गेली आणि मीटिंग रूममधले सगळे चेअरमनकडं बघायला लागले. 

मीटिंग रूम एका दूध संघाची होती. संघाचं नाव सांगत नाही, आमच्याच जिल्ह्यातला आहे, छोटा आहे, एवढं पुरे. टेबलाच्या एका बाजूला चेअरमन आणि संचालक मंडळ. दुसऱ्या बाजूला रेश्मा आणि मी. रेश्मा बागवान माझी जुनी विद्यार्थिनी. राजारामपुरीत तिचा ॲनिमेशनचा स्टुडिओ आहे, आठ माणसांचा. मी रिटायर झालोय, पण आठवड्यातून तीन दिवस तिथं जातो. तिनं माझ्या कार्डावर 'कन्सल्टंट' असं छापलंय. म्हणजे चहा प्यायचा आणि दुसऱ्याच्या चुका काढायच्या. ते काम मला जमतं.

संघाला चाळीस सेकंदांची जाहिरात हवी होती. सकाळची वेळ, गावातला रस्ता, रस्त्यानं एक म्हैस डौलात चालत येते आणि शेवटी कॅमेऱ्याकडं बघते. बाकी काही नाही. सगळी जाहिरात त्या चालण्यावर उभी होती.

चेअरमन म्हणाले, "चांगली झालीया की. आपल्याच गोठ्यातली वाटतीया."

रेश्मानं श्वास सोडला. मी खुर्चीला टेकलो. तेवढ्यात टेबलाच्या टोकावरून आवाज आला.

"म्हस लंगडायलीया."

हौसाक्का. महिला संचालक. सत्तरीच्या, नऊवारी, डोक्यावरून पदर, आणि समोरचा चहा बशीत ओतून निवत ठेवलेला. मुरगूडच्या अलीकडच्या एका गावच्या. उभा जन्म म्हशींत गेलेला.

चेअरमन हसले. "आक्का, कार्टून हाय ते."

"आसू दे की. मागला डावा पाय बगा. दुखऱ्या पायाची म्हस दावून दूध इकायचं हाय व्हय?"

परत लावलं. आता सगळ्यांच्या नजरा त्या एका पायावर. संचालक मंडळात म्हैस पाळली नाही असा एकही माणूस नव्हता. एक जण हळूच म्हणाला, "व्हय की." मग दुसरा. अशा गोष्टीचं एक वाईट असतं, कुणी दाखवून देईपर्यंत दिसत नाही, आणि एकदा दाखवली की दुसरं काही दिसत नाही.

मी जरा तापट आहे. घरचे म्हणतात जरा नाही, चांगलाच. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो की ही चाल आमच्या जुन्या स्टुडिओची आहे, आमच्या मास्तरांच्या हातची आहे, मुंबईपासून हैदराबादपर्यंत पोरं ही चाल गिरवून शिकली. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढं म्हणालो, "तुम्ही धारा काढा. चाल आम्हाला कळते."

टेबलाखाली रेश्मानं माझ्या पायावर पाय दिला. हौसाक्कांना मात्र राग आला नाही. त्यांनी बशी उचलली, चहा संपवला आणि म्हणाल्या, "या की गोठ्यावर कवातरी. दावतो."

चेअरमननी निकाल दिला. सोमवारी दुरुस्त करून आणा. नाहीतर पुण्याच्या पार्टीचं कोटेशन आलेलंच आहे. त्या दिवशी गुरुवार होता.

आता यात रेश्माचं काय जात होतं, ते सांगतो. कोल्हापुरात बसून ॲनिमेशन करणारे बहुतेक जण दुसऱ्याचं उरलेलं काम करतात. मोठ्या शहरातला स्टुडिओ काम घेतो, त्यातला कंटाळवाणा तुकडा इकडं पाठवतो, आणि शेवटी नावं येतात त्यात आपलं नाव नसतं. सहा वर्षांत रेश्माला स्वतःच्या नावावर मिळालेलं हे पहिलं काम. हे गेलं तर जूनपासून ती जागा सोडणार होती आणि पुण्यात नोकरी धरणार होती. तिचे वडील गादीकारखानदार, घर शाहूपुरीत, आई आजारी. पुण्याला जायचं तिच्या मनात अजिबात नव्हतं. तिनं हे मला सांगितलं नव्हतं. तिच्या एका आर्टिस्टनं सांगितलं होतं. पण मला माहीत होतं, आणि तरीही मी मीटिंगमध्ये तोंड सोडलं होतं.

आणि ती चाल तिनं माझ्याच शब्दावर घेतली होती. इंटरनेटवर तयार चाली मिळतात, ती म्हणाली होती. मी म्हटलं होतं, तयार चाल लावायची तर मला कशाला बोलावतेस, मास्तरांचा चार्ट भिंतीवर आहे, तो घे.

चार्ट म्हणजे काय, ते सांगायला हवं. ॲनिमेशनमध्ये चालणं एकदाच काढतात. पावलांचा एक फेरा पूर्ण होईल एवढीच चित्रं काढायची आणि तीच परत परत चालवायची. शेवटचं चित्र पहिल्याला अशा रीतीनं जोडायचं की सांधा कळता कामा नये. याला वॉक सायकल म्हणतात. आमच्या मास्तरांची म्हैस सोळा चित्रांची होती. ती सोळा चित्रं एका लांब कागदावर ओळीनं लावलेली, प्रत्येकाखाली नंबर, कुठला पाय कधी टेकतो त्याच्या खुणा. हा चार्ट. कॉम्प्युटर आला तरी हिशेब तोच. रेश्माच्या पोरांनी कॉम्प्युटरमधल्या म्हशीच्या आत हाडांचा सांगाडा बसवला, त्याला रिग म्हणतात, आणि त्या सांगाड्याला चार्टप्रमाणं एकेक पाय हलवायला लावलं.

आमचा स्टुडिओ होता मंगळवार पेठेत, एका बंद पडलेल्या तेलाच्या घाण्याच्या शेडमध्ये. भिंतींना हात लावला की अजून तेलकट लागायचं. आमच्या भागात हाताचं ॲनिमेशन सुरू केलं ते मास्तरांनी. त्याआधी ते थिएटरचे बोर्ड रंगवायचे. परदेशी पुस्तकं नव्हती, शिकवायला कुणी नव्हतं. काचेचं टेबल, काचेखाली दिवा, कागद सरकू नयेत म्हणून लोखंडी पट्टीवर तीन खुंट्या, आणि प्रत्येक टेबलावर एक आरसा. आरसा कशाला? तर चेहरा काढायच्या आधी स्वतः करून बघायचा. दुपारी आत कुणी आलं तर वीस माणसं आपापल्या आरशात तोंड वेंगाडताना दिसायची.

चालीचंही तसंच. आधी अंगणात चालून दाखवायचं, मग पेन्सिल. हत्ती असेल तर हत्ती व्हायचं. दिनकर नावाचा माझा जोडीदार होता, चांगला पावणेसहा फुटी. तो अंगणात चार पायांवर रांगायचा आणि मास्तर पायरीवर बसून ओरडायचे, "वजन कुठं हाय? वजन दाव." मग चित्रं पेन्सिलनंच काढून, कॅमेऱ्यानं घेऊन, भिंतीवर चालवून बघायची. ती पेन्सिल टेस्ट. पहिल्यांदा माझं चित्र भिंतीवर चाललं तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. एक कावळा, तीन उड्या. मी पायखान्यात जाऊन रडलो होतो. 

मास्तरांचा एकच नियम कडक होता. डोक्यातनं काढायचं नाही. समोर बघून काढायचं. म्हैस काढायची ठरली तेव्हा त्यांनी सगळ्यांना शेडच्या मागं नेलं. मागं बंडू गवळ्याचा गोठा होता. तिथं चंद्री नावाची म्हैस होती. दोन महिने आम्ही चंद्रीच्या मागं होतो. बंडू तिला अंगणात फिरवायचा आणि आम्ही दहा-बारा जण वह्या घेऊन मागं. शेवटी मास्तरांनी स्वतः सोळा चित्रं काढली. पेन्सिल टेस्ट लावली तेव्हा शेडमध्ये टाळ्या पडल्या. ती म्हैस नुसती चालत नव्हती, तिच्या चालीत एक ठेका होता. कंबर बारीकशी उचलायची आणि परत बसायची. मुंबईचे लोक बघायला आले तेव्हा तेच म्हणाले, हा ठेका कुठून आणलात.

मग तो ठेका आमच्या स्टुडिओची खूण झाला. हत्तीला दिला. अस्वलाला दिला. उंटालासुद्धा दिला. स्टुडिओ बंद पडला, माणसं पांगली, पण जाताना प्रत्येकाच्या पिशवीत चार्टची झेरॉक्स होती. मी हैदराबादला अकरा वर्षं आणि मग कोल्हापुरात शिकवलं, त्याच चार्टवर. दिनकर मुंबईत शिकवत राहिला, त्याच चार्टवर.

तर शुक्रवारी सकाळी रेश्मानं माझ्यापुढं एक कागद ठेवला. तिनं चार्टमधले पाय मोजले होते.

"सर, मागचा उजवा पाय अकरा चित्रं जमिनीवर आहे. डावा आठच."

मी म्हटलं, तोच तर ठेका.

"ठेका असू दे, सर. सोमवारी मी काय दाखवू?"

आवाज चढवला नव्हता तिनं. चढवला असता तर मलाही चढवता आला असता. मी म्हटलं, दोन्ही पाय सारखे कर आणि दे सोडून. तिनं करून बघितलं. म्हैस सरळ चालायला लागली, पण सगळा जीव गेला. टेबलाला चाकं लावून ढकलल्यासारखी दिसत होती. तीन तास आम्ही ते उलटसुलट केलं. पाय सारखे केले की कंबर चुकायची, कंबर धरली की मान चुकायची. संध्याकाळी रेश्मा कॉम्प्युटर बंद करून घरी गेली. मीही गेलो. घरी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, त्या बाईंनी बोलावलंय ना, मग जावा की, तिथं काय तुमचा मान कमी होणार आहे? मान कमी होणारच होता, पण शनिवारी सकाळी मुरगूडची एसटी धरली. चार्टच्या माझ्या झेरॉक्सची गुंडाळी काखेत.

हौसाक्का दारातच होत्या. "आलासा व्हय पावणं? बसा." जणू मी परवा काही बोललोच नव्हतो. त्यांनी चहा दिला, नुसत्या दुधाचा. म्हशी लेकाबरोबर नदीवर गेल्यात, म्हणाल्या, तासाभरात येतील. आणि त्या शेणी थापायला मागं गेल्या.

मी बसलो. समोर गोठा, आठ खुंट्या रिकाम्या, नवव्या खुंटीला एक म्हैस. मास्तरांनी लावलेली सवय अशी की हात मोकळा ठेवायचा नाही. मी वही काढली आणि तिला काढायला लागलो. उभी होती, शेपूट हलवत होती, मधेच वजन बदलत होती. बरं चाललं होतं माझं.

हौसाक्का हात धुऊन आल्या, माझ्या खांद्यावरून वहीत बघितलं आणि हसल्या.

"तिला कशाला काढतासा? तिचा पाय दुखतोय म्हणून तर घरात हाय ती. चांगल्या सगळ्या नदीवर गेल्यात."

पेन्सिल थांबली. मला चंद्री आठवली.

बंडू गवळ्याकडं सहा म्हशी होत्या. पहाटे तो त्यांतल्या पाच घेऊन गंगावेशीत जायचा. तिथल्या कट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर धार काढून दूध द्यायची पद्धत आहे, कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. तिथून बंडू घरी यायचा आणि म्हशी पोराबरोबर परस्पर पंचगंगेवर, पाण्यात. त्या परत येईपर्यंत दुपार टळलेली. आमचा स्टुडिओ दहाला उघडायचा. आम्ही मागं जायचो तेव्हा गोठ्यात एकच म्हैस असायची. चंद्री. आम्हाला वाटायचं, बंडूनं ती खास आमच्यासाठी ठेवली आहे. बंडूलाही वाटलं असणार, यांना चित्र काढायचंय, कुठली का असेना. दहा-बारा माणसं दोन महिने तिच्या मागं फिरली. ती घरी का असते, हे एकानंही विचारलं नाही. सगळे शहरातले. कुणी न्हाव्याचा मुलगा, कुणी सोनाराचा, मी सुताराचा.

मी चार्ट उलगडून ओसरीवर अंथरला. चार कोपऱ्यांवर चार तांब्या-वाट्या ठेवल्या. हौसाक्का खाली बसल्या. चष्मा मागवला नातीकडून. मग पहिल्या चित्रापासून एकेकावर बोट ठेवत चालल्या. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, गोठ्याचं नाही, चंद्रीचं नाही. सातव्या चित्रावर बोट थांबलं.

"हितं. हितं बगा. खुराचा म्होरचाच भाग टेकलाय. टाच टेकवत न्हाय ती. टाचंत दुखतंय तिला. खूर वाढलं असंल, न्हायतर आत पू झाला असंल." मग जरा वेळ बघत राहिल्या. "लई दिवसाचं दुखणं हाय हे. कंबरंला सवय लागलीया. कुणी काढलंय?"

"आमच्या मास्तरांनी."

"त्यास्नी म्हस चांगली कळत हुती," हौसाक्का म्हणाल्या.

आणि मी त्यांच्या ओसरीवर बसून रडलो. चौसष्ट वर्षांचा माणूस, परक्या घरात. चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या म्हशीच्या कुठल्या खुरात, कुठल्या जागी दुखत होतं, ते या बाईनं पेन्सिलच्या रेघेवरून सांगितलं होतं. म्हणजे मास्तरांच्या हातानं केसभरही लबाडी केली नव्हती. जे समोर होतं ते सगळं उतरवलं होतं. दुखणंसुद्धा. गेले दोन दिवस मी मास्तरांची बाजू घेऊन भांडत होतो, आणि ती बाजू मला धड माहीतच नव्हती.  हौसाक्कांनी आणखी एक कप चहा आणून ठेवला.

म्हशी आल्या. मग तीन तास मी त्या आठ जणींच्या मागं. हौसाक्का शिकवत होत्या आणि मी शिकत होतो. चांगली म्हैस मागचं पाऊल पुढच्या पावलाच्या खुणेजवळ कसं आणून टाकते. पोट उलट्या बाजूला कसं झुलतं. मान प्रत्येक पावलाला का हलत नाही. "गाभण असली तर येगळी चालती," त्या म्हणाल्या, आणि तीही चालवून दाखवली. मी मोबाइलवर व्हिडिओ घेतले, पण विश्वास वहीवर ठेवला. परतीच्या एसटीत वही मांडीवर घेऊनच बसलो.

रविवारी रेश्मानं सगळ्यांना बोलावलं. मी बऱ्याच वर्षांनी खुंट्यांची पट्टी काढली आणि सोळा चित्रं हातानं काढली. रेश्मा एकेक चित्र स्कॅन करून घेत होती आणि तिची पोरं सांगाड्याला लावत होती. दुपारी जेवताना मी तिला चंद्रीची हकीकत सांगितली. ती आधी हसली. मग म्हणाली, "सर, मग उंट?"

मी म्हटलं, उंटाचं नाव काढू नकोस.

सोमवारी तीच मीटिंग रूम, तेच टेबल. रेश्मानं लॅपटॉप जोडला. म्हैस पडद्यावर आली, रस्त्यानं चालत गेली, कॅमेऱ्याकडं बघितलं. चेअरमननी यावेळी मत दिलं नाही. त्यांनी टेबलाच्या टोकाकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"परत लावा," हौसाक्का म्हणाल्या.

परत लावलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.  तिसऱ्यांदा म्हैस निघून गेली तेव्हा त्यांनी पदर सावरला.

"आता बरी हाय ती."

चेअरमननी तिथंच सही केली, आणि पुढची दोन कामंही रेश्माकडंच द्यायची ठरली. बाहेर जिन्यात रेश्मानं घरी फोन लावला. "अम्मी, मी कुठं जात नाही," एवढंच म्हणाली. मी जिना उतरून खाली गेलो, कारण तीन दिवसांत दुसऱ्यांदा रडणं बरं दिसलं नसतं.

रात्री दिनकरला मुंबईला फोन केला. सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "तीस वर्षं मी पोरांना तो ठेका येईपर्यंत घरी सोडलं नाही रे." मी म्हटलं, मीही. मग आम्ही दोघं इतके हसलो की त्याची सून धावत आली.

जुना चार्ट भिंतीवरून उतरवायचा का, असं रेश्मानं विचारलं. मी नको म्हटलं. त्यापेक्षा चांगलं चित्र माझ्या हातून झालेलं नाही आणि आता होणारही नाही. फक्त खाली पेन्सिलनं लिहिलं, चंद्री, मागचा डावा पाय टाचेत दुखावलेला. शेजारी नवीन सोळा चित्रं लावली, त्यांच्याखाली हौसाक्कांच्या म्हशींची नावं.

आता नवीन पोरांना मी पेन्सिल धरायच्या आधी एकच गोष्ट सांगतो. समोर बघून काढा, हे मास्तरांचं बरोबरच होतं. पण जे जनावर रोज दारात उभं सापडतं, ते का उभं आहे हे आधी घरच्यांना विचारा.